टेक्निकल डायव्हिंगमध्ये विंग आणि ड्रायसूटसाठी हवेची दुसरी सोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्ली, ग्रांड आयलंड किंवा नेत्राणीला स्कूबा शिकून पुढे टेक्निकल कोर्सकडे, म्हणजे जिथून सरळ वर येता येत नाही अशा डाइव्हकडे, वळणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विंग म्हणजे पाठीवरची, हवा भरून तरंगणे सांभाळणारी पिशवी आणि ड्रायसूट म्हणजे आत पाणी न येऊ देणारा, हवा भरता येणारा सूट. या विषयावरचे बहुतेक लेखन थंड पाण्यात, ड्रायसूट घालून डाइव्ह करणाऱ्यांनी स्वतःसारख्यांसाठीच केलेले आहे. अंदमानात किंवा थायलंडमध्ये वेटसूटवर ट्विनसेट (पाठीवर जोडलेले दोन सिलिंडर) लावणाऱ्याने तो सल्ला जसाच्या तसा उचलला, तर त्यातला अर्धा भाग लागू पडत नाही आणि उरलेला अर्धा फसवा ठरू शकतो. म्हणून इथे गरम पाण्याचा विचार जरा जास्त केला आहे. हे सगळे इन्स्ट्रक्टरसोबत पाण्यात करून पाहायचे आहे, नुसते वाचून अंगवळणी पडणारे नाही.

रिक्रिएशनल डायव्हिंगमध्ये एकच बीसीडी (फुगवता येणारे जॅकेट) चालते, मग इथे दुसरी सोय कशाला?

रिक्रिएशनल डाइव्हमध्ये जॅकेट फुगले नाही, तर वेट बेल्ट सोडून सरळ वर येता येते. टेक्निकल डाइव्हमध्ये तसे वर येता येत नाही. डोक्यावर डेकोचे थांबे (शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलीवर थांबणे) असतात किंवा गुहेचे, बुडालेल्या जहाजाचे छत असते. ६ मीटरवर २५ मिनिटे थांबायचे असेल, तर ती २५ मिनिटे त्याच खोलीवर स्थिर राहावे लागते. खाली घसरून चालत नाही आणि वर उसळूनही चालत नाही.

शिवाय ओझे जास्त असते. १२ लिटरचे दोन सिलिंडर २०० बारला भरले, की त्यात ४८०० लिटर हवा मावते. तिचे वजन जवळपास ६ किलो होते. डाइव्हच्या शेवटी ही हवा संपत आली तरी थांब्यावर टिकता यावे, म्हणून सुरुवातीला तेवढे जड असणे भागच असते. हे ६ किलो डाइव्हच्या पहिल्या मिनिटापासून विंग पेलत असते. ती त्याच वेळी निकामी झाली आणि खाली तळ ७० मीटरवर असला, तर विचार करायला फार वेळ मिळत नाही.

नेमके काय बिघडते?

तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. इथली गल्लत पुढच्या सगळ्या चुकीच्या खरेदीचे मूळ असते, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

पहिला प्रकार म्हणजे विंग शाबूत आहे, पण तिच्यापर्यंत हवा पोहोचत नाही. पोस्ट (सिलिंडरचा व्हॉल्व्ह) बंद झाली, फर्स्ट स्टेज (त्यावर बसणारा, दाब उतरवणारा रेग्युलेटरचा भाग) बिघडला, होज (हवेची नळी) फुटली, कनेक्टर नीट न बसल्यामुळे निसटला किंवा विंगमध्ये हवा सोडणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणात मीठ साचून ते अडकले, अशी कारणे असतात. अशा वेळी हवेचा दुसरा मार्ग पुरेसा असतो. दुसरी होज लावा किंवा तोंडाने फुंका.

दुसरा प्रकार म्हणजे हवा येते, पण विंगमध्ये टिकत नाही. ब्लॅडर (विंगच्या आतली पिशवी) फाटला, मागच्या डंप व्हॉल्व्हची (हवा सोडण्याच्या झडपेची) झाकणी सैल होऊन निघाली, पन्हाळीदार होज खांद्याजवळच्या एल्बोतून सुटली. इथे तुमच्याकडे दहा सिलिंडर असले तरी उपयोग नाही. हवा धरून ठेवणारी दुसरी पिशवीच हवी, मग ती ड्रायसूट असो वा दुसरा ब्लॅडर. थोडा आधार मात्र शरीराच्या स्थितीतून मिळतो. हवा नेहमी सर्वांत वरच्या जागी जाते, त्यामुळे भोक खाली राहील असे वळलात तर भोकाच्या वरच्या भागात काही हवा टिकून राहते.

तिसरा प्रकार म्हणजे हवा थांबतच नाही. त्याचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे, कारण तिथे आणखी सोयी जोडल्याने धोका वाढतो.

डाव्या पोस्टवर काय आणि उजव्या पोस्टवर काय? आणि असेच का?

ट्विनसेटच्या प्रचलित मांडणीत उजव्या पोस्टवरून लांब होजचा मुख्य रेग्युलेटर आणि विंगची इन्फ्लेटर होज निघते. डाव्या पोस्टवरून गळ्यातला बॅकअप रेग्युलेटर, प्रेशर गेज आणि ड्रायसूटची होज निघते. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्या बिल हॉगार्थ मेन यांच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. वुडविल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या तिथल्याच गुहा-शोध गटाच्या लोकांनी ती लांबलचक गुहांमध्ये घासूनपुसून घेतली आणि पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स या प्रशिक्षण संस्थेने ती शिकवणीचा पाया केली.

कारण गुहेच्या छतात आहे. पुढे पोहताना सिलिंडरच्या मागच्या गाठी (पोस्ट उघडण्या-बंद करण्याच्या गोल मुठी) छताला घासल्या, तर उजवी गाठ उघडण्याच्या दिशेने फिरते आणि डावी बंद होण्याच्या दिशेने. म्हणजे नकळत बंद होण्याची शक्यता डाव्या पोस्टची जास्त. म्हणून ज्यावर तुम्ही श्वास घेता आणि ज्यावर तुमची विंग चालते, त्या दोन्ही गोष्टी उजवीकडे ठेवल्या आहेत.

डावी पोस्ट अशी बंद झाली की पहिली खूण बहुधा ड्रायसूट देतो. छातीवरचे बटण दाबता, क्षणभर होजमधली उरलेली हवा फुस्स होते आणि मग काहीच नाही. गेजचा काटाही बटण दाबेपर्यंत जागच्या जागी उभा असतो आणि दाबताच शून्याकडे घसरतो, कारण त्यालाही नवी हवा मिळत नाही. सूट मुका झाला की आधी डावी गाठ चाचपायची, ही सवय हातात मुरली पाहिजे.

विंग आणि ड्रायसूट दोन वेगळ्या पोस्टवर असल्यामुळे कोणतीही एक पोस्ट बंद करावी लागली, तरी बॉयन्सीचे (तरंगण्याचे) एक साधन चालू राहते. काही जण होज नीटनेटकी दिसावी म्हणून दोन्ही इन्फ्लेटर एकाच फर्स्ट स्टेजवर घेतात. दिसायला छान, पण तो फर्स्ट स्टेज फ्री-फ्लो होऊन (हवा सतत वाहू लागून) बंद करावा लागला की दोन्ही साधने एकदमच जातात. अशा मांडणीला दुसरी सोय म्हणताच येत नाही.

ड्रायसूट असेल तर दुसरा ब्लॅडर लागतो का?

बहुतेक वेळा नाही. विंग गेली तर ड्रायसूटमध्ये हवा घेऊन वर येता येते. पायांकडे हवा जाऊ न देता हे जमवायला सराव लागतो आणि मानेच्या सीलवर ताण येतो, पण जमते. उलट ड्रायसूटला मोठी चीर पडली तर विंगने तो भार उचलायचा असतो. सूटमध्ये शिरलेले पाणी पाण्याखाली तुम्हाला जड करत नाही. गेली असते ती आतली हवा, तेवढीच भरपाई विंगने करायची. खरे ओझे जाणवते ते बोटीच्या शिडीवर. थंड पाण्यात मात्र गारठा हाच मोठा शत्रू होतो.

मी गरम पाण्यात वेटसूटवर डाइव्ह करतो. माझी दुसरी सोय कोणती?

आपल्याकडच्या वाचकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि याचे उत्तर दुकानात नाही, वजनाच्या हिशोबात आहे.

वेटसूटचे निओप्रीन खोलवर दाबले जाते आणि त्याची तरंगण्याची ताकद झपाट्याने घटते. ५ मिलिमीटरचा सूट पृष्ठभागाजवळ जेवढा वर उचलतो, त्यातला बराचसा जोर ३० मीटरपर्यंत निघून गेलेला असतो. म्हणजे तळाशी तुम्ही दोन कारणांनी जड असता. सिलिंडरमधली हवा अजून खर्च झालेली नसते आणि सूट चपटा झालेला असतो. त्यात पाठीवर जड स्टीलचे ट्विनसेट असेल, तर सोडून देण्यासारखे काहीच अंगावर राहत नाही. जड असलेली वस्तूच तुमचा श्वास असते.

म्हणून वेटसूट आणि जड स्टील ट्विनसेट ही जोडी मला मान्य नाही. अॅल्युमिनियमचे ८० घनफुटी सिलिंडर, म्हणजे ११ लिटरच्या आसपासचे, रिकामे होत आले की वर तरंगू लागतात. त्यांच्यासोबत थोडे शिसे लागते आणि ते शिसे बेल्टवर, सोडता येईल असे ठेवता येते. विंग गेली तर बेल्ट सोडून उरलेले ओझे पायांच्या जोरावर वर आणता यायला हवे. बहुतेकांना ४ ते ५ किलोच्या पलीकडचे ओझे पोहत फार वेळ वर नेता येत नाही आणि खोलवर धाप लागली की कार्बन डायऑक्साइड वाढून डोके जड होते. त्यामुळे स्वतःचा आकडा याहून कमीच धरा.

हिशोब असा करा. भरलेल्या सिलिंडरसह, विंग पूर्ण रिकामी करून, उथळ आणि सुरक्षित जागी, जोडीदार बाजूला ठेवून वर पोहून पाहा. मग खोलवर सूट दबल्यामुळे वाढणारे ओझे त्यात मिळवा. हे गणित बसत नसेल, तर सिलिंडर बदला, सूट पातळ करा किंवा दुसऱ्या ब्लॅडरचा विचार करा. या तिन्हींचा क्रमही मी मुद्दाम असाच लावला आहे.

मग डबल ब्लॅडर विंग घ्यावी की नाही?

वर सांगितलेले करूनही ओझे पोहून आणता येत नसेल, म्हणजे वेटसूटवर जड सिलिंडर आणि दोन-तीन स्टेज (बाजूला लटकवलेले जादा सिलिंडर) घेऊन जाणे भागच असेल, तर घ्यावी. ड्रायसूटवाल्याला ती सहसा नको. एका कवचात दोन पिशव्या, दोन पन्हाळीदार होज आणि दोन बटणे असली, की ताणाच्या क्षणी कुठल्या पिशवीत हवा आहे हे कळेनासे होते. वर येताना तुम्ही एका होजमधून हवा सोडत राहता, हवा दुसऱ्याच पिशवीत फुगत असते आणि वेग वाढत जातो.

दुसरा इन्फ्लेटर सतत जोडून ठेवला, तर त्याचे बटण हळूहळू गळून दुसरी पिशवी नकळत भरते. यावर एक रीत अशी आहे की दुसरी होज डाव्या पोस्टवरून आणायची, इन्फ्लेटरच्या शेजारी बंगीत (रबरी दोरीत) अडकवायची, पण जोडायची नाही. लागली तर दोन सेकंदांत टिचकी देऊन जोडता येते. मला ही रीत पटते. दुसरा इन्फ्लेटर पहिल्याच्या उलट बाजूला, उजव्या खांद्यावर ठेवला तर हातही गोंधळत नाही.

तोंडाने फुंकून ६० मीटरवर विंग भरते का?

भरते, आणि अनेकांना वाटते त्यापेक्षा चांगली भरते. ६० मीटरवर एकूण दाब ७ बार असतो. तुमच्या फुफ्फुसातली हवाही त्याच दाबाची असते, त्यामुळे एका श्वासात विंगमध्ये पृष्ठभागावर जेवढी जागा भरेल, तेवढीच तिथेही भरते. दोन लिटरचा फुंकर म्हणजे दोन किलोचा उचल. तीन-चार फुंकरांत घसरण थांबू शकते. सिलिंडरमधून मात्र दर फुंकरीला सातपट हवा जाते, ती गॅस प्लॅनमध्ये धरायची.

अडचण वेगळीच असते. रेग्युलेटर तोंडातून काढायचा, फुंकायचे, पुन्हा लावायचा आणि हे सगळे खाली घसरत असताना. पहिल्यांदाच खऱ्या अडचणीत करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे. प्रत्येक डाइव्हच्या शेवटी ६ मीटरच्या थांब्यावर एकदा विंग तोंडाने भरून सोडली, की हात आणि तोंड एकमेकांना ओळखू लागतात.

इन्फ्लेटर अडकून हवा आत जातच राहिली तर?

आधी होज काढा. एका हाताने होज उपटायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने डंप व्हॉल्व्हची दोरी ओढायची. कोणते बिघडले याचा शोध नंतर. बटण पुन्हा पुन्हा दाबून सुटते का पाहण्यात जे सेकंद जातात, त्यात माणूस डेकोचा थांबा ओलांडून वर गेलेला असतो. ड्रायसूटच्या बाबतीतही हेच. थंड पाण्यात सूटचा व्हॉल्व्ह जास्त वेळ दाबून ठेवला, तर तो गोठून उघडाच राहू शकतो, म्हणून थोडी थोडी हवा घ्यायची.

एक बारीक गोष्ट. कनेक्टरचा सरकता भाग फार लहान आणि गुळगुळीत असेल, तर जाड हातमोज्यात तो सुटत नाही. खरेदी करताना हातमोजे घालून एकदा काढून-लावून पाहा. होज जोडता येणे जितके गरजेचे, तितकेच ती तोडता येणे.

ट्रायमिक्स (हेलियम मिसळलेला श्वासाचा वायू) वापरताना ड्रायसूट कशावर?

हेलियम उष्णता हवेच्या सुमारे सहापट वेगाने वाहून नेतो. ट्रायमिक्स सूटमध्ये भरला तर गारठून जाल. म्हणून ड्रायसूटसाठी वेगळा छोटा सिलिंडर घेतात, हवेचा किंवा आर्गॉनचा. आर्गॉन हवेपेक्षाही कमी उष्णता वाहून नेतो.

किती लागतो? सूटमध्ये ८ लिटर जागा हवेने व्यापली आहे असे धरा. ६० मीटरपर्यंत जाताना ती टिकवायला ४८ लिटर लागतात. ०.८५ लिटरचा बाटला २०० बारला १७० लिटर देतो. एका डाइव्हला पुरतो, पण खालीवर बऱ्याच वेळा गेलात, तर तो हिशोब डळमळतो. शिवाय विंग गेली आणि सूटवर वर यायची पाळी आली, तर हा छोटा बाटलाच तुमची दुसरी सोय असतो. तेव्हा आकार ठरवताना तोही विचार करा.

दोन गोष्टींत तडजोड नको. या बाटल्याच्या फर्स्ट स्टेजवर रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. नेहमीच्या रेग्युलेटरमध्ये दाब वाढला की सेकंड स्टेजमधून हवा सुटते. इथे सेकंड स्टेज नसते, त्यामुळे दाब चढला की होज फुटते. आणि आर्गॉनच्या बाटल्यावर श्वास घेण्याचे तोंड कधीच लावू नका, त्यात ऑक्सिजन नसतो.

सगळ्या होजचे कनेक्टर एकसारखे असावेत का?

हो. विंगची होज सूटला आणि सूटची होज विंगला बसली पाहिजे. ड्रायसूटचे काही व्हॉल्व्ह नेहमीच्या बीसीडी कनेक्टरऐवजी सेयन प्रकारच्या कनेक्टरचे असतात. दोन्ही प्रकार उत्तम चालतात, पण एकमेकांना बसत नाहीत. मिश्र ठेवले की पाण्याखाली अदलाबदलीचा मार्गच बंद होतो.

कनेक्टर न जुळण्याचे सगळ्यांत दुःखद उदाहरण टेक्निकल डाइव्हचे नाही, कोर्समधले आहे. १ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅकडोनाल्डमध्ये १८ वर्षांची एक विद्यार्थिनी वापरलेला ड्रायसूट घालून उतरली. सूटच्या व्हॉल्व्हला जुळणारी होज नव्हती, म्हणून सूटला हवा जोडलीच गेली नाही. खिशांमध्ये सुमारे २० किलो शिसे होते आणि ते झटकन सोडता येत नव्हते. खाली जाताना दाबाने सूट तिच्या अंगाला आवळत गेला, तिला वर येता आले नाही आणि ती वाचली नाही. एक होज नसताना डाइव्ह रद्द करणे, एवढाच निर्णय किनाऱ्यावर घ्यायचा होता.

साइडमाउंटमध्ये (सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना) कसे करायचे?

दोन सिलिंडर मुळातच स्वतंत्र असल्यामुळे इथे सोपे आहे. विंग एका सिलिंडरवर, ड्रायसूट दुसऱ्यावर. कोणते कुठे, हे शिकवणाऱ्या संस्थेप्रमाणे बदलते, पण दोन्ही एकाच बाजूला नकोत. वेटसूटवर असाल तर दुसऱ्या सिलिंडरवरही इन्फ्लेटर होज ठेवा, न जोडता. अरुंद जागेत सिलिंडर सोडून पुढे ढकलायचा असेल, तर आधी त्याची इन्फ्लेटर होज काढावी लागते, ते विसरू नका.

रिब्रीदरवर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारे यंत्र) डायल्युएंटमधूनच (त्यात मिसळायच्या वायूच्या बाटलीतूनच) सगळे चालवले तर?

सोयीचे असते, पण बाटली फार लहान असते. ३ लिटरचा डायल्युएंट २०० बारला ६०० लिटर देतो. ६० मीटरवर ते जेमतेम ८५ लिटर जागा भरतात. १८ लिटरची विंग तिथे एकदा पूर्ण भरायला १२६ लिटर लागतात, म्हणजे बाटलीतला पाचवा भाग एका भरण्यात गेला. त्याच बाटलीवर श्वासाची लूप आणि सूटही असेल, तर विंग गळू लागताच तिन्ही गोष्टी एकत्र संकटात येतात. म्हणून सूट वेगळ्या छोट्या सिलिंडरवर घ्यावा आणि विंगसाठी बेलआउट सिलिंडरवर (रिब्रीदर बिघडल्यास श्वासासाठी ठेवलेल्या) एक मोकळी होज तयार ठेवावी.

एसएमबी (पृष्ठभागावर पाठवायची, हवेने फुगणारी खुणेची पिशवी) किंवा लिफ्ट बॅग दुसरी सोय म्हणून चालेल?

शेवटचा उपाय म्हणून, आणि तोही रीलवर सोडून दोरीचा आधार घ्यायचा म्हणून. मोठी, बंद तोंडाची एसएमबी पृष्ठभागावर पाठवली की तिच्या दोरीवर लटकून थांबे पुरे करता येतात. हातात धरून फुगवलेली बॅग मात्र वर येताना प्रसरण पावते आणि तिची हवा नीट सोडता येत नाही. नियोजनात तिला एकमेव सोय धरू नये.

पाण्यात उतरण्यापूर्वी काय तपासायचे?

बटण दाबून फुस्स आवाज ऐकणे ही अर्धी तपासणी झाली. उरलेली अर्धी अशी. उजवी पोस्ट बंद करा, मुख्य रेग्युलेटर दाबून होज रिकामी करा आणि विंगचे बटण दाबा. काही येता कामा नये. आता सूटचे बटण दाबा, सूट भरला पाहिजे. उजवी पोस्ट उघडून हेच डावीकडे उलटे करा. होज कुठून निघते हे डोळ्यांनी पाहून ठरवू नका. सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच पोर्टवर लागलेली होज अशीच सापडते. शेवटी दोन्ही गाठी पूर्ण उघड्या आहेत हे हाताने चाचपून पाहा.

विंग पूर्ण फुगवून, होज काढून, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी ती मऊ पडली असेल, तर गळती आहे. मिठाच्या पाण्यातून आल्यावर विंग आतून गोड्या पाण्याने धुवा. बटणाच्या आतला मिठाचा थर बाहेरून दिसत नाही.

वेणीच्या आवरणाच्या लवचिक होज घ्याव्यात की जुन्या रबरी?

लवचिक होज हाताळायला छान असतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेने मात्र अशा काही होजच्या आतल्या पॉलियुरेथेन थरात स्फटिक तयार होऊन हवेचा मार्ग अडल्याची किंवा थर फाटल्याची उदाहरणे मांडली आहेत आणि उष्ण प्रदेशांचा त्यात खास उल्लेख आहे. बाहेरची वेणी शाबूत दिसते, त्यामुळे नजरेला कळत नाही. कोकणातल्या किंवा अंदमानातल्या उन्हात गिअर ठेवणाऱ्याने इन्फ्लेटरसाठी रबरी होज घ्यावी असे मी सांगेन. लवचिक असलीच, तर कनेक्टरजवळ वाकवून पाहा. कडक लागली, करकर वाजली किंवा हवा पूर्वीपेक्षा हळू येऊ लागली, तर त्याच दिवशी बदला.